मापापुरती

तलाठी भाऊसाहेब म्हणाले, खड्ड्याचा फोटो पाहिजे.
काढला.
ते म्हणाले, ह्यात खोली कुठं कळतीय,
परातीसारखा दिसतोय. आत कुणाला तरी उभं करा.
पंच बाभळीखाली बसले होते, त्यातलं कुणी उठेना.
चोरीच्या वाळूच्या फोटोत कोण कशाला येईल.
मग कॅमेरा स्टँडला लावला,
टायमरचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला,
दहा सेकंद,
नि निऱ्या खोचून मीच उतरले येरळेत.

मागं पेनानं लिहिलंय:
खोली, फोटोतील इसमाच्या गुडघ्याइतकी.
इसम म्हणजे मी, शालन.

तुरची फाट्यावर माझा स्टुडिओ.
पासपोर्ट, बारशी, सातवी ब चा ग्रुप.
हनुवटी जरा खाली, हं, आता हलू नका,
असं म्हणता म्हणता वीस वर्षं गेली.
माझा फोटो कुणी काढला नाही.
लग्नाचा अल्बम सासरीच राहिला, मी आले.
बाकी जी काही मी आहे
ती तहसीलच्या कपाटात, तांबड्या फडक्यात बांधलेली.

परवा निगेटिव्ह खिडकीला धरल्या.
गुडघा. त्या वर्षी तळाला ओल होती,
माझ्या पावलाच्या ठशात पाणी साचलंय.
कंबर. मागं टिटवी, तिची अंडी कुठंतरी माझ्या पायाशीच असणार.
काख. पुलाचे पाय उघडे पडलेत,
म्हातारीच्या हिरड्यांसारखे.
मग नुसता भांग.
मग काठाच्या वर काहीच नाही, एक हात,
मीच वर केलेला, दिसावी म्हणून.

निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं.
ऐन बाविशीत माझे केस पिकलेले
आणि खड्डा उजेडानं काठोकाठ भरलेला,
पाणीच असल्यासारखा.
किती वेळ बघत राहिले. गिऱ्हाईक येऊन परत गेलं.

ह्याच पात्रात आई झिरा उकरायची.
खोरं नाही, पाटी नाही, नुसता तळहात.
मनगट बुडेपर्यंत उकरलं की पाणी यायचं.
पहिलं गढूळ, ते वाटीनं उपसून टाकायचं.
मग बसून राहायचं.
निवळायची वाट बघणं एवढं एकच काम माझ्याकडं होतं.
पुढं डार्करूममध्ये कागद पाण्यात हलवत
चेहरा वर यायची वाट बघायला लागले,
तेव्हा उस्ताद म्हणाले, पोरीला शिकवावं लागलं नाही.
आता पुरुषभर खाली गेलं तरी मुरूम लागतो.
झिरा ह्या शब्दाला गावातली पोरं हसतात.

एक सांगायचं राहिलं.
स्टुडिओचा स्लॅब पडला तेव्हा दोन ब्रास मीही घेतली.
रात्री आली, पावती मागितली नाही.
काउंटरच्या वर गिलाव्यात एक शिंपला आहे,
नखाएवढा, अर्धा बाहेर.
त्याच्यावर मी कॅलेंडर टांगत आले,
दर वर्षी नवं.

गेल्या खेपेला शिडी लावावी लागली.
दहा सेकंद पुरले नाहीत.
फोटोत मी धड वर नाही, धड खाली नाही,
पाठमोरी, हललेली, एक पाय हवेत,
तोंड मात्र मागं वळलेलं, कॅमेरा उघडा राहिलाय का बघायला.
भाऊसाहेब (हे चौथे) म्हणाले, मॅडम, हा रद्द. माप येत नाही.
दुसरा काढला, त्यात गपगुमान उभी आहे. तो दिला.

हललेला मी ठेवला.
कॅलेंडर काढून त्या खिळ्याला लावला,
जरा डावीकडं सरकवून,
शिंपला झाकला जाऊ नये असा.

गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, वर बघतं, विचारतं,
ताई, तो बिघडलेला कशाला लावलाय? कोण ती?

हनुवटी जरा खाली, मी म्हणते.
हलला तरी चालेल.